नेटी ट्रकमध्ये बसली की आपण जिंकतो

आमच्या गावात शकुन-अपशकुनावर कुणाचाच विश्वास नाही. कुणालाही विचारा, हेच सांगेल. तरीही त्या हिवाळ्यात नेटी हुडिमाला तिच्याच गावच्या बर्फावरच्या हॉकी रिंकमध्ये पाय ठेवायची बंदी झाली, आणि ती घालणाऱ्यांत तिचा सख्खा नवराही होता.

नेटी शाळेची बस चालवायची. साठीला टेकलेली, अंगाने आडवी, आणि आवाज असा की मागच्या बाकावरची मारामारी मान न वळवता थांबवायची. ज्युनियर लीगमधली पोरं बहुतेक बाहेरगावची, मोसमभर गावातल्या घरांत राहतात आणि घर खाऊन संपवतात. नेटीकडे एमेट राहायचा. उत्तरेकडच्या खाणगावातला, लांबुडका, गोलकीपर. त्याचा हा तिसरा हिवाळा. पहिली दोन वर्षं तो राखीव होता. बाकाच्या टोकाला बसायचं आणि खेळाडू आले-गेले की फाटक उघडायचं, एवढंच त्याचं काम. नेटी त्याला दरवान म्हणायची आणि वर आणखी चार बटाटा भरलेल्या पिरोगी ताटात वाढायची.

यंदा तो पहिला गोलकीपर झाला आणि हेच त्याचं शेवटचं वर्ष होतं. वीस पूर्ण झाले की ज्युनियर संपतं. वरच्या कुठल्याही लीगमधून त्याला फोन आलेला नव्हता. बर्फ वितळलं की बापाबरोबर खाणीत उतरायचं, हे घरात ठरून गेलं होतं. म्हणजे पोराला गोलमध्ये उभं बघायचं तर याच मोसमात, नंतर कधीच नाही. नेटीने रिंकभोवतीच्या काचेजवळच्या खुर्च्या धरल्या आणि कामाला लागल्यासारखी ओरडायला लागली.

टीम मात्र हरत सुटली. एमेट बिचारा पाच अडवायचा तर सहावा आत. अशात नोव्हेंबरातल्या एका शुक्रवारी कडाक्याची थंडी पडली आणि सामना रंगात असताना नेटीच्या लक्षात आलं की आपल्या पिकअप ट्रकच्या इंजिनाच्या हीटरची वायर पार्किंगमधल्या विजेच्या खांबाला जोडायची राहिली. आमच्याकडे ही चूक केली तर इंजिन गोठतं आणि घरी चालत जावं लागतं. ती धावत बाहेर गेली. खांबावरचे सगळे प्लग भरलेले, म्हणून इंजिन चालू ठेवून रेडिओ लावून बसून राहिली. तेवढ्यात आतून गोलचा भोंगा झाला. मग पुन्हा झाला. आपण हरता हरता जिंकलो.

पुढच्या सामन्याला ती आत बसली, आपण हरलो. त्यापुढच्याला तिला सर्दी होती, घरी थांबली, जिंकलो. दारावर तिकिटं फाडणाऱ्या लॉर्नने या सगळ्याचा अभ्यास केला आणि निकाल दिला.

"अगं नेटी, राग मानू नकोस. पण तू आत आलीस की पोरांचे पाय जड होतात."

"माझ्या ओरडण्याने?"

"ते मला काय माहीत? तू फक्त बाहेर बस. ट्रकमध्ये छान ऊब असते."

नेटीने वॉल्टरकडे पाहिलं. पस्तीस वर्षांचा संसार, माणूस काहीतरी बोलेल अशी तिची अपेक्षा होती. वॉल्टर म्हणाला, "मी तुला मधल्या वेळेत चिप्स आणून देत जाईन."

आणि काय सांगावं, टीम जिंकतच गेली. डिसेंबरभर, जानेवारीभर. नेटी ट्रकमध्ये बसून रेडिओ ऐकायची आणि गोल झाला की असा हॉर्न वाजवायची की आतल्यांना ऐकू जायचा. पेट्रोल पंपावर लोक तिला विचारायचे, "शनिवारी येणार ना बाहेर बसायला?" एकदा ती न राहवून मागच्या दाराने शिरली आणि टोपी डोळ्यांवर ओढून खांबामागे उभी राहिली. समोरच्या टीममधल्या कुणी चेंडूऐवजीची रबरी चकती मध्यरेषेवरून उगाच भिरकावली, ती एमेटच्या पायांमधून गडगडत आत गेली. सगळ्या रिंकने वळून दाराकडे पाहिलं. त्यानंतर नेटीने आपणहून नाद सोडला. पण रात्री भांडी घासताना ती मनात चरफडायची. ज्या पोराला मी खाऊ घालते, ज्याचे घामट मोजे माझ्या बाथरूममध्ये वाळतात, त्याला अख्खा गाव बघतो आणि मी तेवढी बघत नाही.

टीम अंतिम फेरीत पोचली तेव्हा गावात कामं अशी कुणी करतच नव्हतं. दुकानांच्या काचांवर रंग, शाळेत अर्ध्या पोरांचे चेहरे रंगवलेले. सात सामन्यांची मालिका तीन-तीन अशी बरोबरीत आली. सातवा सामना रविवारी दुपारी, आपल्याच रिंकवर.

सकाळी अंडी खाताना एमेट म्हणाला, "नेटी, आज आत ये."

"गाव मला सोलून काढेल."

"तू मला एकदा तरी नीट खेळताना पाहिलंयस का?"

"रेडिओवर पाहिलंय. खा मुकाट्याने. कप आण आधी, मग मला तोंड दाखव."

बोलून तर गेली, पण मग स्वतःची अंडीही त्याच्याच ताटात वाढली.

सामना दोन-दोन असा बरोबरीत राहिला आणि जादा वेळ सुरू झाला. आता जो पहिला गोल करेल तो कप नेणार. ट्रकमध्ये नेटीने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. रेडिओवरच्या माणसाचा घसा बसला होता. "एमेटने अडवला! पुन्हा अडवला! मंडळी, हे सांगून समजणार नाही, तुम्ही इथे असायला हवं होतं."

नेटीने रेडिओ बंद केला. "असायला हवं होतं म्हणे," ती रेडिओला म्हणाली, आणि खाली उतरली.

दारात लॉर्न आडवा आला. "नेटी, नको. हात जोडतो."

"बाजूला हो."

"अगं, सगळा मोसम वाया जाईल."

"तुझा जाईल. माझा गेलाच आहे. तो पुढच्या महिन्यात जमिनीखाली जाणार, लॉर्न. मग काय तिथे जाऊन बघू?"

लॉर्न बाजूला झाला. ती पायऱ्या उतरायला लागली तशी कुजबुज तिच्यापुढे धावत गेली. कुणी डोक्याला हात लावला, कुणी "अरे देवा" म्हणालं. नेटी सरळ काचेपाशी गेली आणि नाक टेकवून उभी राहिली.

आणि तिने एमेटला पाहिलं. समोरच्या टीमचा खेळाडू एकटाच सुटला होता. डावीकडे झुकला, एमेट त्याच्याबरोबर झुकला, आणि त्याने चकती उजव्या कोपऱ्यात फटकावली. एमेट पडलेलाच होता. तरी कुठून तरी त्याचा लांबुडका पाय मागे गेला, बुटाच्या टोकाला चकती लागली, गोलच्या खांबाला आपटून बाहेर आली. नेटी ओरडली नाही. हा दरवान, हा तिच्या स्वयंपाकघरात बशा फोडणारा पोरगा, असा खेळतो तर. ती काचेवर मुठी आपटत राहिली. त्याने आणखी एक अडवला, मग छातीवर एक, आणि नेटीला वाटलं हे संपूच नये.

मग गर्दीतून कुणीतरी मारलेली चकती कुणाच्या तरी काठीला लागून वळली आणि आत गेली. कप गेला.

आपली पोरं बर्फावर आडवी पडली होती. एमेट बराच वेळ गुडघ्यांवर बसून होता. मग उठला, मुखवटा वर सारला आणि घसरत काचेपाशी आला. डोळे लालभडक.

"तो पायाचा पाहिलास?" त्याने काचेच्या फटीतून विचारलं.

"पाहिला."

"आणि शेवटचा?"

"तोही पाहिला. तो कुणाच्या बापाच्याने अडला नसता."

"माझ्याने अडला असता."

"बरं, अडला असता. मग ढिम्म का उभा राहिलास?" तो हसला आणि हसता हसता रडला, आणि नेटीने काचेवर तळहात टेकवला.

मागे बायाबापड्या डोळे पुसत होत्या. लॉर्न दाराशी खुर्चीत कोसळल्यासारखा बसला होता. "तू बाहेर बसली असतीस तर..." तो म्हणाला.

"तर मी रेडिओ ऐकत बसले असते," नेटी म्हणाली.

सगळं गाव सुतकात होतं आणि तिच्या चेहऱ्यावरचं हसू काही केल्या मावळेना. वॉल्टर तिला कोपराने ढोसून कुजबुजला, "निदान तोंड तरी पाड. लोक बघतायत."

नेटीने मनापासून प्रयत्न केला. जमेना.