हलगी की हुलगी?

भुताखेतांच्या गप्पा सुरू झाल्या की मी चहा टाकायला आत जाते. इतकी वर्षं सांगलीत इलेक्ट्रॉनिक्स शिकवलंय. आवाज आला म्हणजे कुठेतरी काहीतरी थरथरतंय, एवढंच मी मानते. तरी हे लिहितेय... कारण पोटात राहातच नाहीये!

आधी माझं वेड सांगते. चावीच्या फोनोवर वाजणाऱ्या जुन्या तबकड्या मी जमवते. त्यातही सातासमुद्रापलीकडच्या, अगदी सुरुवातीच्या – ब्लूज, जॅझ, जे मिळेल ते. गेल्या एप्रिलात कळलं की महाबळेश्वरच्या एका जुन्या बंगल्याचं सामान साताऱ्यात भंगारात आलंय. सकाळचीच एसटी पकडली. पोत्यात अकरा तबकड्या, आणि त्यात एक कॅलिप्सो! त्रिनिदाद बेटावरचं गाणं, तेही लाखेच्या तबकडीवर! मी जवळजवळ किंचाळलेच. भंगारवाला म्हणाला, "आवं ताई, दमानं. ह्या ताटल्यांत हाय तरी काय एवढं?"

घरी सासूबाई. वय ब्याऐंशी, माहेर कवठे महांकाळकडचं. माझ्या तबकड्यांना त्या 'तवं' म्हणतात. "आज कुठला तवा तापवतीस गं?" – हे रोजचं. त्या पोटात असताना त्यांचे वडील पलटणीबरोबर इटलीला लढाईवर गेले. मुलगी झाल्याचं त्यांना पत्रानं कळलं, पण ते परत काही आले नाहीत. गणवेशातला एक फोटो तेवढा आहे. "आबाचं तोंड ठावं हाय मला, आवाज न्हाई," असं आई म्हणायच्या. त्यांचा डावा कान केव्हाच गेला, उजव्याला मशीन आहे, आणि तोही फार दिवस साथ देणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तेव्हापासून हे त्यांच्या तोंडी फारच यायला लागलं. "कान हायती तवर एकदा ऐकाय मिळाला आसता, बास."

रविवार होता, दुपारचे चार. विश्रामबागेतला आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. चावी दिली, नवी पिन बसवली, तबकडी लावली. क्लॅरिनेट, गिटार, हातानं वाजवायचं कसलंसं चामड्याचं वाद्य... काय सुंदर ठेका हो! गाणारा एक कडवं संपवून थांबला आणि मागून एक माणूस ओरडला –

"जोरात वाजीव रं गड्या! माज्या हलगी..."

पुढचं खरखरीत गेलं. आमचे हे पेपर टाकून उठले. "अगं, हा आपल्याकडचा माणूस आहे!"

झालं! माझं डोकं सुसाट सुटलं. ऊसमळ्यांत राबायला इकडची माणसं बोटीनं त्रिनिदादला गेलीच होती की! त्यात कुणी आपला गडी हलगी घेऊन गेला असेल. कॅलिप्सोत हलगी! मी तर मनातल्या मनात लेखाचं शीर्षकही ठरवलं. साताऱ्यात बापूसाहेब म्हणून माझे एक संग्राहक मित्र आहेत, त्यांना फोन लावला. त्यांच्याकडे तीच तबकडी आहे, तोच क्रमांक. त्यांनी फोनवरच वाजवून दाखवली. कडवं संपलं... नुसतं क्लॅरिनेट. माणूस नाहीच!

"आणि बाईसाहेब," बापूसाहेब म्हणाले, "हा क्रमांक दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी आधीचा आहे. बरं, लाखेची तबकडी एकदा छापली की तिच्यात नंतर काही घालता येत नाही. हे मी तुम्हाला सांगायला पाहिजे का?"

नको. मला चांगलंच माहीत आहे.

हलगी खरी आईंच्या माहेरची. म्हटलं, त्यांना तरी विचारू. मशीन लावून त्यांना फोनोच्या पेटीला चिकटूनच बसवलं. "हं, लाव तुझा तवा," म्हणाल्या. गाणं सुरू झालं. तो माणूस ओरडला. आईंनी हात वर केला.

"परत लाव."

परत लावलं. आईंचे ओठ हलायला लागले.

"हलगी कुठली गं? कान हायती का भोकं? हुलगी म्हणतोय त्यो... 'माज्या हुलगीला ऐकू जाऊ दे.'"

"हुलगी म्हणजे?"

"म्हंजी मी!" आणि त्या हसता हसता रडायला लागल्या. "जल्मले तवा हुलग्याच्या दाण्याएवढी व्हते म्हनं. आयनं तसं पत्रात लिवलं, तर आबानं उलट लिवलं – माजी हुलगी कशी हाय? आय गेली, नाव गेलं. तुज्या सासऱ्यास्नी बी कवा सांगितलं न्हाई मी."

ह्यांनी आईंचा हात धरला आणि आम्ही तिघंही वेड्यासारखे हसत-रडत बसलो.

ती तबकडी घडली तेव्हा आईंचे आबा गावात गुरं राखणारं पोर होते. लढाई नाही, लग्न नाही, हुलगी नाही! मोबाइलवर चार वेळा रेकॉर्डिंग केलं, चारही वेळा नुसतं क्लॅरिनेट. म्हणजे पुरावा म्हणून ती एकच तबकडी, आणि पोलादी पिन प्रत्येक वेळी तिची रेघ खरवडणार. मी ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली. आईंनी दुसऱ्याच दिवशी कपाट उघडलं.

"आई, झिजेल ती! लोकांना काय दाखवू मग?"

"लोकांस्नी काय करायचंय? ऐकू कुणाला जायाचं व्हतं, मला का लोकांस्नी?"

मी तबकडी लावली आणि चावी त्यांच्या हातात दिली.

दर रविवारी चारला वाजवतो. रेघा आता पांढऱ्या पडल्यात. मला खरखरीशिवाय काही ऐकू येत नाही, ह्यांनाही नाही. दिवाळीनंतर आईंचा उजवा कानही गेला, मशीन डब्यातच पडून असतं. याचा उलगडा मला होत नाही, आणि खरं सांगू, तो शोधायचं मी सोडून दिलंय. कारण गेल्या रविवारीही कडवं संपलं, आईंनी पेटीवर हात ठेवला, आणि त्याच जागी, अगदी वेळेवर, मोठ्यानं म्हणाल्या –

"व्हय आबा, आलं ऐकू!"