खालच्या मजल्यावरची गैरहजर

विजयश्रीचं वय एकोणतीस. पदरात सहा वर्षांची सुखदा. सुखदाच्या शाळेच्या डायरीत 'पालकाची सही' असा जो रकाना असतो, त्यात रोज सही करते ती विजयश्रीच. आणि ह्याच विजयश्रीला चिंचवडच्या तिच्या नर्सिंग कॉलेजातून फर्मान सुटलं, की सोमवारी पालकांना घेऊन ये. पालकांनी हमीपत्रावर सही केली तर हॉल तिकीट, नाहीतर दुसऱ्या वर्षाची परीक्षा पुढच्या वर्षी.

हसून घ्यायचं असेल तर इथेच हसून घ्या. पुढे जागा मिळेलच असं नाही.

आता पालक आणायचा कुठून? आई-वडील तिच्या लग्नाआधीच गेलेले. नवरा ज्ञानेश चाकणच्या कारखान्यात, ब्रेक जुळवायच्या लाइनवर. त्या आठवड्यात त्याची फर्स्ट शिफ्ट, आणि लाइनवरच्या माणसानं सोमवारी सकाळची सुट्टी मागितली तर सुपरवायझर असा बघतो, जणू त्याची किडनीच मागितली. उरल्या सासूबाई. सोजराबाई.

चाकणजवळच्या निघोज्यात सोजराबाईंच्या पत्र्याच्या आठ खोल्या आहेत, त्यात कंपन्यांमधले भाडेकरू. कुठल्या खोलीत काल अबोला होता, कुणाची मेव्हणी चार दिवसांसाठी आली ती महिना झाला तरी का गेली नाही, हे त्या खोलीतल्या माणसांच्या आधी सोजराबाईंना कळतं. पण सगळ्यात जास्त चघळायचा विषय घरातलाच. दोन वर्षांपूर्वी सुनेनं नर्सिंगला नाव घातलं, तेव्हापासून संध्याकाळी तिची चप्पल दारात वाजली की ओट्यावरून आवाज यायचाच, "आल्या गं बाई डाक्टरीनबाई! सरका, सुई टोचतील!"

भाडेकरणी खुदखुदायच्या. विजयश्री "भाकऱ्या टाकते आत्या," एवढंच म्हणून आत जायची. गावातल्या बाया नळावर बोलायच्या ते वेगळंच. एक म्हणायची, ज्ञानेशचा पगार पुरत नसेल. दुसरी म्हणायची, पुरतो गं, तिलाच घरात करमत न्हाई. वर्गातल्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली तिला काकू म्हणत. पण पेशंटची शीर सापडेना झाली, की ह्याच मुली तोंड वाकडं करून, "काकू, जरा या ना," करत मागे लागत. काकूंना शीर सापडायची.

मग गुन्हा काय केला ह्या काकूंनी? ऐका.

सप्टेंबरात सुखदाला डेंगू झाला. प्लेटलेट उतरल्या तशी ज्ञानेशनं तिला भरती केली, तीही त्याच हॉस्पिटलात जिथे विजयश्रीची ड्यूटी असते. कॉलेज आणि हॉस्पिटल एकाच संस्थेचं. विजयश्रीचं पोस्टिंग दुसऱ्या मजल्यावर, बायकांच्या वॉर्डात. सुखदा तळमजल्यावर, मुलांच्या वॉर्डात. पहिल्या दिवशी सोजराबाईंना लेकीजवळ बसवून ती वर गेली. तासाभरात सुखदानं "आई कुठाय" करत हातातली सलाइनची सुई उपटून टाकली. चादर रक्तानं माखली. सोजराबाईंनी असा काही टाहो फोडला की वरच्या वॉर्डातल्या बायका उठून बसल्या.

मुलांच्या वॉर्डात भिंतीवर ठळक अक्षरात पाटी आहे: लहान रुग्णाजवळ आईने पूर्णवेळ थांबावे. कॉलेजच्या नियमपुस्तकात छापलंय: विद्यार्थिनीने ड्यूटीची जागा सोडू नये. पाटीखाली आणि पुस्तकावर शिक्का एकाच संस्थेचा. ज्यानं हे दोन्ही नियम लिहिले, त्याला कधी एका बाईला दोन मजल्यांवर एका वेळी उभं राहायला लावून बघायचं सुचलं नाही.

विजयश्री प्राचार्या चारुलता मॅडमकडे गेली. "मॅडम, चारच दिवस माझं पोस्टिंग मुलांच्या वॉर्डात करा ना. ड्यूटीपण होईल, लेक डोळ्यासमोर राहील."

"यादी महिन्याची असते. एकीसाठी बदलली तर उद्या चाळीसजणी दारात उभ्या राहतील."

"चाळीसजणींना मुलं नाहीयेत मॅडम."

"ते तू ॲडमिशन घेताना बघायचं होतंस," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी चष्मा पुसायला घेतला.

बघायचं होतंस! म्हणजे डासांना विचारून, त्यांचा होकार घेऊन मग फॉर्म भरायचा होता.

विजयश्रीनं युनिफॉर्म काढून पिशवीत घातला आणि साध्या पंजाबी ड्रेसवर लेकीच्या पलंगाशेजारी स्टुलावर बसली. चार दिवस. गुन्हा हाच.

पण बसली कुठे ती! वॉर्डात तीस बेड, सगळे डेंगूनं भरलेले, आणि पाळीला एक सिस्टर आणि एक शिकाऊ मुलगी. जयमाला सिस्टरला पाणी प्यायला उसंत नव्हती. दुसऱ्याच दिवशी तिनं विजयश्रीला हेरलं. "अगं, तू आमचीच ना? एवढे सहा बेड बघ ना गं माझ्यासाठी." आणि सहा चार्ट आणि एक पेन हातात.

चार्ट म्हणजे, डेंगूच्या पोराच्या पोटात किती पाणी गेलं आणि त्याला लघवी किती झाली, हे तासातासाला मापून लिहायचा कागद. लघवी अडली की समजायचं, आत काहीतरी बिघडतंय. तेव्हा हा कागद सिस्टरनं लिहायचा. पण सिस्टरला हात दोनच, म्हणून पेन नातेवाइकांच्या हातात जातं. नऊ नंबरच्या बेडवर चार वर्षांचा समर्थ होता. त्याचा बाप चाकणच्या मार्केटात कांद्याच्या गोण्या उचलणारा, साधा माणूस. त्याला कुणी सांगितलं होतं, दर तासाला लघवी पन्नास लिहा. तो बिचारा इमानेइतबारे पन्नास, पन्नास, पन्नास लिहीत बसला होता. विजयश्रीनं कागद बघितला, मग पलंगाखालचं भांडं ओढून बघितलं. भांडं कोरडं. समर्थच्या पायाला हात लावला. पाय गार.

"सिस्टर! नऊ नंबरला सकाळपासून लघवीच नाही!"

डॉक्टर धावत आले, पोराला आयसीयूत हलवलं. दोन दिवसांनी समर्थ परत वॉर्डात आला आणि आल्या आल्या सुखदाच्या पुड्यातलं बिस्कीट मागायला लागला.

इकडे हे चाललं असताना दुसऱ्या मजल्यावरच्या हजेरीत विजयश्रीच्या नावापुढे लाल शाईनं रोज एक शब्द पडत होता. गैरहजर. अंगावर युनिफॉर्म नव्हता ना. नुसते हात काम करत होते, त्यांना कोण विचारतो?

हमीपत्राचा मजकूर असा: 'माझी पाल्य निष्काळजीपणामुळे विनापरवानगी गैरहजर राहिली. असे पुन्हा घडणार नाही. गैरहजेरीच्या दुप्पट दिवस ड्यूटी करण्यास आम्ही बांधील आहोत.' विजयश्रीनं तो तीनदा वाचला आणि तडक जयमाला सिस्टरकडे गेली. "सिस्टर, मी काम करत होते एवढं दोन ओळीत लिहून द्या."

जयमालानं आधी दाराकडे बघितलं. "लिहून दिलं तर मलाच विचारतील, ड्यूटीवर नसलेल्या बाईकडे चार्ट दिलेसच कसे? मी अजून पर्मनंट नाहीये गं. रागावू नकोस."

विजयश्रीला राग कुणाचा करावा तेच कळेना.

सोमवारी सोजराबाई लग्नाला नेसतात ते इरकल नेसून निघाल्या. चाकणच्या चौकात बस अर्धा तास अडकली. पुढे कांद्याचे ट्रक, मागे कंपन्यांच्या बसेस. तेवढ्या वेळात विजयश्रीनं पाच वेळा बजावलं, "आत्या, तिथे बोलायचं काही नाही. फक्त सही करायची."

"मी कशाला बोलते? मला काय बोलायची हौस हाय?"

पुढच्या सीटवरची ओळखीची बाई तोंडाला पदर लावून हसली.

मॅडमच्या ऑफिसचं दार उघडंच होतं आणि बाहेर बाकावर आणखी सात-आठ पालक आपापल्या पाळीची वाट बघत बसलेले. "या आजी. इथे सही करा," मॅडमनी कागद पुढे सरकवला. सोजराबाईंनी कनवटीची डबी काढली, डबीतून चष्मा काढला. चौथी शिकलेली बाई. वाचते सावकाश, पण वाचते मोठ्यानं. "मा-झी पाल्य... नि-ष्का-ळ-जी..." आणि थांबल्या.

"हे कुनाला म्हनलंय?"

"छापील नमुना आहे आजी. सगळ्यांना तोच."

"सगळ्यांचं ऱ्हाऊ द्या. ही निष्काळजी?"

"आत्या, सही करा ना," विजयश्री पुटपुटली. दोन वर्षांची धावपळ, बसमधली घोकंपट्टी, सगळं त्या एका सहीवर टांगलेलं, आणि सही करणारीनं पेन टेबलावर ठेवून दिलं होतं.

"तू गप. बाई, मी रोज डबा घिऊन येत व्हते. सगळं बगितलंय ह्या डोळ्यांनी. हिनं आपल्या लेकीला मांडीवर घेतली आन सा पोरांचं पानी मोजलं. नऊ नंबरचा समर्थ, त्याच्या बापाला काय कळत न्हाई, पन्नास पन्नास लिवत व्हता. हिनं बगितलं नसतं तर पोरगं गेलं असतं. त्या सा कागदांवर अक्षर कुनाचं हाय? मागवा. मागवा ना!"

"आजी, हळू. आमच्याकडे नातेवाईक चार्ट लिहीत नाहीत."

बाकावरून एक बाप्या बोलला, "लिहितात मॅडम. माझ्या पुतण्याच्या वेळेला मलापण दिलं होतं पेन."

मॅडमनी उठून दार लावलं. पण सोजराबाईंचा आवाज दारानं अडणारा नव्हता, आणि त्यांच्या चार नंबरच्या खोलीत ह्याच हॉस्पिटलातली एक मावशी राहते, हे मॅडमना ठाऊक नव्हतं.

"आन तुमच्या लेकाच्या बारावीला तुमी दीड म्हैना घरी व्हता. तवा कुनी हमीपत्र लिवून घेतलं तुमच्याकडनं?"

मॅडमच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "ती माझी हक्काची रजा होती."

"हक्काची! मंग हिच्या लेकीला ताप काय बिनहक्काचा आला व्हता?"

विजयश्रीनं डोळे मिटून घेतले. गेलं वर्ष. पुढच्या वर्षी सुखदा दुसरीत आणि आपण परत दुसऱ्याच वर्षाला. मग कागदावर पेन घासल्याचा आवाज आला. मॅडमनी 'निष्काळजीपणामुळे' खोडून वर 'मुलीच्या आजारपणामुळे' लिहिलं होतं. 'दुप्पट' खोडलं होतं. "चार दिवस ड्यूटी भरून द्यायची, दिवाळीच्या सुट्टीत. मग हॉल तिकीट. यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही."

"आणि हजेरीत मॅडम?" विजयश्रीनं विचारलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "गैरहजर तसंच राहणार?"

मॅडमनी कागद सोजराबाईंकडे सरकवला. तो शब्द खोडायचा तर ती होती कुठे, हेही लिहावं लागलं असतं.

सोजराबाईंनी नवऱ्याच्या नावासकट पूर्ण सही केली. सहीला कागद पुरला नाही, शेवटची दोन अक्षरं टेबलावर गेली. परतीच्या बसमध्ये विजयश्रीचे डोळे भरून आले. "आत्या, तुम्ही नसता तर..."

"ऱ्हाऊ दे. घरी जाऊन भाकऱ्या कोन टाकनार हाय?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चप्पल वाजली तशी ओट्यावरून हाक आलीच, "आल्या गं डाक्टरीनबाई!" दोन नंबरची भाडेकरीण सवयीनं हसली. सोजराबाई तिच्यावर खेकसल्या, "तू काय दात काढतीस?"

दिवाळीच्या यादीत विजयश्रीला वॉर्ड मिळाला तो मुलांचाच. बघा, तेव्हा मागून मिळाला नाही, आणि आता न मागता! लक्ष्मीपूजनाच्या सकाळी सुखदाला फुलबाज्यांचा पुडा दाखवून, संध्याकाळी आपण दोघी उडवू असं कबूल करून ती युनिफॉर्म चढवून निघाली. वॉर्ड अजून भरलेलाच होता. अकरा नंबरला काळेवाडीची एक कोवळी आई, दिवाळीची नवी साडी नेसलेली, तापलेल्या पोराला घेऊन बसली होती. जयमाला सिस्टर घाईघाईनं आली आणि तिच्या हातात चार्ट आणि पेन दिलं. "ताई, हे जरा लिहीत चला. दर तासाला."

ती आई हातातल्या पेनाकडे बघत राहिली.

विजयश्रीनं पुढे होऊन पेनही घेतलं आणि चार्टही घेतला. "ताई, तुम्ही त्याचा हात धरून बसा. हे काम आमचं."

"अगं, तीस बेड आहेत!" जयमाला वैतागून म्हणाली. "सगळ्यांचं एकटी लिहिणारेस?"

"जेवढं होईल तेवढं लिहीन. उरलेलं तुम्ही लिहा. नाहीतर वर फोन करून आणखी माणूस मागा." विजयश्री खाली वाकली, पलंगाखालचं भांडं उजेडात धरून तिनं रेघ बघितली. "सिस्टर, आज मी हजर आहे."

तिनं वेळ लिहिली, पाणी लिहिलं, लघवी लिहिली, आणि पुढे कधी कुणी 'हिनं लिहिलंच नाही' म्हणू नये म्हणून त्या ओळीपुढे आपलं पूर्ण नाव लिहिलं. मग ती बारा नंबरकडे वळली.