फिलोमिना मावशी किंगस्टनलाच होत्या

मी मूळची वसईची. गेली अकरा वर्षं कॅनडातल्या केंब्रिजमधल्या गाड्यांच्या फॅक्टरीत क्वालिटी चेकिंग करतेय. भुतंखेतं, आभास... असलं कुणी सांगू लागलं की मी तिथून उठायचे. त्यामुळे हे लिहायला मला दोन वर्षं लागली.

आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळातल्या ज्येष्ठांना युरोपची कोच टूर करायची होती. पण कुणाचे गुडघे, कुणाचा व्हिसा... शेवटी ठरलं, मॉन्ट्रियल आणि क्युबेक करू, तिथेही फ्रेंचच बोलतात. अडतीस माणसं, व्यवस्था माझ्याकडे. सकाळी सहाला मिसिसागाहून निघालो.

सव्वानऊला किंगस्टनजवळ हायवेवरच्या रेस्ट स्टॉपला थांबलो. निघताना मी आत दोनदा मोजलं – अडतीस. बावीस नंबरच्या सीटवर, खिडकीशी फिलोमिना मावशी. माझ्या आईची मैत्रीण. वय अठ्ठ्याहत्तर, जेवणाआधी इन्सुलिन लागतं. जांभळा स्वेटर, डोक्याला रुमाल. मी स्वतः पाहिलं.

तासाभराने फोन आला. रेस्ट स्टॉपवर काम करणारी मुलगी होती. तुमच्या ग्रुपच्या एक आजी इथे राहिल्यात म्हणाली, बॅजवर फिलोमिना नाव आहे आणि हा नंबर.

मी उठून मागे गेले. मावशी खिडकीबाहेर बघत होत्या. शेजारी आग्नेसबाई, दोघींची रोझरी चालली होती – माळेवरची प्रार्थना, अर्धी एकीने म्हणायची, अर्धी दुसरीने.

"मावशी, बरं आहे ना?"

त्यांनी मान हलवली.

मी फोनवर सांगितलं, "शी इज हिअर. बॅज पडला असेल, दुसऱ्या कुणी उचलला असेल." ती मुलगी अजून बोलत होती... मी फोन ठेवला. वर रोझरीत व्यत्यय नको म्हणून सायलेंटवर टाकला.

मॉन्ट्रियलला पोचलो पाऊण वाजता. दारात उभी राहून मी उतरणाऱ्यांना मोजलं. सदतीस.

आग्नेसबाई म्हणाल्या, "फिलू मघाशीच उठली. मला वाटलं वॉशरूमला गेली."

बसमधलं वॉशरूम रिकामं. बस किंगस्टननंतर कुठेही थांबली नव्हती. सीटवर मावशींची पर्स होती, त्यात त्यांचा फोन आणि इन्सुलिन. माझ्या फोनवर त्याच नंबरचे तीन मिस्ड कॉल.

रडायला मला वेळ नव्हता. मी नंबर फिरवला. मुलगी म्हणाली, "त्या इथेच आहेत. सकाळपासून." किंगस्टनला जाऊन पुन्हा यायचं तर आमच्या ड्रायव्हरचे कायद्याने ठरलेले गाडी चालवायचे तास पुरले नसते, त्याला परत पाठवणं शक्य नव्हतं. ग्रुप आमच्यातल्याच जोसेफ काकांवर सोपवला, भाड्याने गाडी घेतली आणि निघाले. जवळजवळ तीनशे किलोमीटर, एकदाही न थांबता. दर अर्ध्या तासाने फोन करत होते – काही खाऊ देऊ नका, चक्कर येतेय का विचारा. विचारणार तरी कसं, मावशींना मराठीशिवाय काही येत नाही. मग मीच स्पीकरवर बोलायचे. त्या म्हणायच्या, "सावकाश ये. मी काय पळून जाते?"

साडेचारला पोचले. मावशी कॉफीच्या काउंटरजवळच्या खुर्चीत बसल्या होत्या. तोच जांभळा स्वेटर. मी आधी साखर तपासली, मग इन्सुलिन दिलं, सूप समोर ठेवलं.

सूप संपवून त्या म्हणाल्या, "त्या मुलीने तुला पहिला फोन लावला तेव्हा मी बाजूलाच होते, तुझं बोलणं ऐकलं. मला इंग्लिश येत नाही, पण शी इज हिअर एवढं कळतं."

"मावशी, तुम्ही मला दिसलात."

त्यांनी सुपाची वाटी बाजूला सरकवली. "आग्नेसच्या बाजूला?"

"हो. रोझरी म्हणत होतात."

"मी इथे एकटीच म्हणत होते," त्या म्हणाल्या. "चल आता. मला मॉन्ट्रियल बघायचंय."

आग्नेसबाई आजही शपथेवर सांगतात, प्रत्येक प्रार्थनेला शेजारून उत्तर येत होतं आणि आवाज फिलूचाच होता. एक वेळ त्यांना भास झाला म्हणेन. पण दोनदा मोजलं मी, प्रश्न विचारला मी, आणि मान हलली ती माझ्यासमोर.

ट्रिपा नेणं मात्र मी सोडलं नाही. बस सुटण्याआधी आता प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजते. मावशी दर वर्षी येतात. त्यांच्या खांद्यावर माझा हात जरा जास्त वेळ राहतो... आणि त्या तो राहू देतात.