अठरा पुलांची नवी आवृत्ती

दवाखान्यात पेशंटपेक्षा किस्से जास्त साठतात, आणि त्यांना अपॉइंटमेंट लागत नाही. नौपाड्यातल्या माझ्या डेंटल क्लिनिकमध्ये रविवारी दुपारी दाढा काढत नाहीत, राक्षस मारतात. चौदा वर्षं झाली. पराग, नीलेश, सुहासदादा आणि मी. खेळ सोपा आहे हो! एक जण मनाने एक अख्खं जग रचतो आणि गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. "मी दार उघडतो" म्हणायचं, वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि नशिबात येईल ते भोगायचं. लोक ऐकून आधी हसतात, मग हळूच विचारतात, "अजून एकाला जागा आहे का?"

*

पराग घोडबंदर रोडला राहतो, म्हणजे तो पोचतो तेव्हा आमचा दुसरा चहा झालेला असतो. त्याने रचलेल्या जगात सात खिंडी होत्या, आणि सातही जाम! आमची फौज तीन रविवार बैलगाड्यांच्या रांगेत उभी. शेवटी मी वैतागले, "अरे, तो ड्रॅगन येणारे की नाही?"

पराग शांतपणे म्हणाला, "निघालाय. आपल्या मागेच अडकलाय."

*

माझं जग पाताळातलं. मला फार अभिमान होता त्याचा. पण सवय जाते का? राक्षस आला की मी आधी त्याचे दात सांगायचे. वरचे सुळे असे, खालची दाढ किडलेली, हिरड्या सुजलेल्या.

नीलेश म्हणाला, "ताई, याला मारायचं की क्लीनिंग करून सोडायचं?"

*

एका रविवारी एक काका गाल धरून आले. इमर्जन्सी. इंजेक्शन दिलं आणि बधिर होईपर्यंत बाहेर बसवलं. आमचा खेळ अर्ध्यावर होता. नीलेशने त्यांच्या हातात फासा दिला, "काका, टाका, तुमचा हात कोरा आहे." काकांनी टाकला. वीस! तीन महिने न मेलेली चेटकीण एका फटक्यात गारद.

पुढच्या रविवारी काका परत दारात. मी म्हटलं, "परत दुखतंय का?"

"छे हो, दात मस्त आहे. पण तिच्या मागे ती बंद खोली होती ना, तिथे काय निघालं?"

*

आता सुहासदादा. राहणार डोंबिवली, आयुष्यभर नकाशे काढायची नोकरी. त्यांचं जग 'अठरा पूल'. एक नदी, अठरा पूल, प्रत्येक पूल जाड वहीत स्केलप्रमाणे काढलेला. नीलेशने स्वतःचं जग कधी रचलंच नाही, त्याला दादांचं पुरायचं.

दादांचा एकच शब्द सगळ्यांना घाबरवायचा. कोणी घाईत काही करायला गेलं की ते पेन्सिल कानामागे खोचायचे, चष्म्यावरून बघायचे आणि म्हणायचे, "नक्की?"

अकराव्या पुलावर नीलेश ताठ मानेने म्हणाला, "मी पूल ओलांडतो." दादा म्हणाले, "नक्की?" हा म्हणाला, "नक्की!"

पूल नव्हताच तिथे. मायावी होता. नीलेशचं दोन वर्षं जपलेलं पात्र थेट नदीत! हा बाबा शहाडला घरी जाऊन जेवेना. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा दादांना फोन, "अवो, माझ्या पोराचा कोन मेलाय तरी सांगा!"

*

मीनलवहिनी, म्हणजे दादांची बायको, सांगायच्या की घरीही तेच. "मी म्हटलं, आज पुरणपोळ्या करते. हे म्हणाले, 'नक्की?' मी घाबरून खिचडी टाकली. मग जेवताना विचारतात, पुरणपोळ्या कुठायत?"

*

मागच्या वर्षी दादांना पॅरालिसिसचा झटका आला. हात हळूहळू सुधारला, पण बोलणं गेलं. समजायचं सगळं, ओठ हलायचे, शब्द निघायचा नाही. स्पीच थेरपिस्ट म्हणाल्या, "जबरदस्ती करू नका. त्यांच्यासमोर नेहमीसारखं बोलत राहा." आठ महिने आम्ही बोलत राहिलो. वहिनी दर रविवारी त्यांना घेऊन यायच्या, खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायच्या. बाहेर जाताना एकदा मला म्हणाल्या, "डॉक्टर, एक शब्द निघाला ना, कुठलाही, तरी मला पुरे." मला त्या दिवशी रडूच आलं.

*

त्यात खेळाच्या नियमांचं नवं पुस्तक आलं. म्हणजे जुनं जग खेळायचं तर ते नव्याने लिहून काढावं लागणार. कोणाला वेळ आहे? एकच निवडायचं ठरलं. नव्या आवृत्तीचा मान कुठल्या जगाला?

पराग त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी. त्याने सरळ सभाच लावली. अजेंडा, कोरम, हात वर! आधी स्वतःच्या सात खिंडींवर अर्धा तास बोलला. मग मी पाताळावर बोलले. नीलेश उठला आणि म्हणाला, "अठरा पूल. सूचक मी, अनुमोदक पण मीच."

"असं चालत नाही," पराग म्हणाला. "आणि चालवणार कोण? दादा तर..." तो तिथेच थांबला. दादा खिडकीबाहेर बघत होते.

"ताई वहीतून वाचेल," नीलेश म्हणाला. आवाज चढलेला. "अडखळेल, चुकेल, तरी वाचेल! पण दुसरं जग मला नको."

परागने सभेची वही उघडली आणि इतिवृत्तात लिहिलं, 'अनुमोदक: पराग. ठराव एकमताने मंजूर.' आणि स्वतःच्या सात खिंडींवर काट मारली.

*

तर पहिला रविवार. 'अठरा पूल', नवी आवृत्ती. दादांची वही माझ्या मांडीवर, दादा खिडकीजवळ, शेजारी वहिनी मटार सोलत बसलेल्या. मी दादांच्याच अक्षरातलं वाचत होते, अडखळत. नीलेशचं नवं पात्र अगदी कोवळं, काल जन्मलेलं. आणि हा उत्साहाच्या भरात निघाला कुठे? अकराव्या पुलाकडे!

मी वाचलं, "समोर दगडी पूल आहे. धुकं आहे. काय करतोस?"

"काय करतोस काय? मी पूल ओलांडतो!"

मी पान उलटायला गेले. दादांचा हात हळूहळू वर गेला, कानामागे काहीतरी चाचपडला. पेन्सिल नव्हती तिथे. त्यांनी चष्म्यावरून नीलेशकडे पाहिलं.

"न... न... नक्की?"

वहिनींच्या मांडीवरचे मटार खोलीभर. पराग उभा राहिलेला, माझ्या हातातून वही पडलेली. आणि नीलेश दोन्ही हात वर करून ओरडतोय,

"नाय दादा, नाय नाय! आधी काठीने तपासतो!"