पहिल्या कडीतला आवाज

घशाच्या इस्पितळात संगणकांची खोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे नुसतं 'बाई' म्हणत. जिभेने तिखट, कामाला वाघ. ज्या रुग्णांचं स्वरयंत्र काढायचं असे, त्यांचा आवाज आधी रेकॉर्ड करून घेत आणि तो बाईंच्या ताब्यातल्या सर्व्हरवर राही. वाक्यं साधी, घरातलीच. 'दार लाव, वारा येतोय.' 'माझा चष्मा कुठे ठेवलास?'

त्या रुग्णांत एक दिवस बाईंचाच नवरा येऊन बसला. तो बाजारात लिलाव पुकारायचा. तोंड उघडलं की दोन गल्ल्यांपलीकडचं गिऱ्हाईक वळून बघे. त्याने थट्टामस्करी करत वाक्यं वाचली. मग शस्त्रक्रिया लांबली, आवाज बसत गेला, तेव्हा आवाज शिकवणाऱ्या ताईंनी पुन्हा एकदा रेकॉर्डिंग घेतलं आणि चुकून त्याच नावाने साठवलं. नवं आलं, जुनं पुसलं गेलं. सर्व्हरवर उरली फक्त घोगरी घरघर.

खणखणीत आवाज राहिला तो बॅकअपमध्ये. बाईंनी तिथे साखळी चालवली होती: पहिल्या दिवशी अख्ख्या मशीनची पूर्ण प्रत, पुढे रोज जेवढं बदललं तेवढंच. नवऱ्याचा जुना आवाज त्या पहिल्या प्रतीतच होता. प्रत्येक कडी मागचीला अडकलेली. पहिली गेली की सगळीच गेली.

शस्त्रक्रियेनंतर नवऱ्याच्या गळ्याला भोक राहिलं. त्यावर अंगठा दाबला की फाटक्या पिपाणीसारखे चार शब्द निघत.

"अहो, तुमचा जुना आवाज आहे माझ्याकडे," बाई एकदा म्हणाल्या. "परवानगी काढून घरी आणू?"

त्याने मान हलवली. अंगठा दाबून म्हणाला, "घरात तिसरा माणूस नको."

बाईंनी आणला नाही. पण जेवणाच्या सुट्टीत खोली रिकामी झाली की त्या साखळीतून जुन्या फाईलची प्रत काढत, हेडफोन लावून ऐकत आणि ती प्रत पुसून टाकत. हळूहळू त्याचं व्यसनच जडलं. मग हेडफोन उतरवल्यावरही तो आवाज थांबेना. भांडी घासताना पाठीमागून स्पष्ट येई, 'माझा चष्मा कुठे ठेवलास?' त्या गर्रकन वळत. नवरा चष्मा नाकावर ठेवून मुकाट पेपर वाचत असे.

अशात इस्पितळाने नवे सर्व्हर घेतले. आवाजांचं मशीन म्हणजे काही लोखंडी पेटी नव्हती. मोठ्या सर्व्हरच्या पोटात राहणारं, फायलींचंच बनलेलं आभासी मशीन ते. तिथून उचलायचं, इथे ठेवायचं.

"सोपं आहे, बाई," कंत्राटदाराचा माणूस म्हणाला. "मशीन हलवू आणि नव्याने पूर्ण बॅकअप घेऊ."

"आणि जुनी साखळी?"

"नव्या घरी मशीनला नवा ओळख-क्रमांक मिळतो. बॅकअपला वाटतं, हा कोणी परका पाहुणा. मग जुनी साखळी बेवारस. मुदत संपली की आपोआप पुसली जाईल."

बाईंचा आवाज चढला. "अहो, माणूस गेल्यावर घरचे जुना आवाज मागायला येतात! त्यांना काय सांगू, मुदत संपली?"

हे खरंच होतं. पण अर्धंच खरं होतं, हे बोलता बोलता त्यांचं त्यांनाच कळलं.

तो माणूस विचारात पडला. "मग ओळख तीच ठेवायला हवी. जमेल, पण वेळखाऊ काम आहे."

"खाऊ दे."

दोघांनी मिळून ते तडीस नेलं. बॅकअप थांबवला, साखळी तिच्या नोंदींसकट नव्या जागी नेली, एकेक कडी मूळ कडीशी ताडून पाहिली आणि मशीनला त्याचा जुनाच क्रमांक दिला. मग बॅकअप सुरू केला. पूर्ण प्रत घ्यायला लागला असता तर सगळं मुसळ केरात. बाईंना पडद्याकडे बघवेना.

"बदललेलं तेवढंच घेतलं!" तो ओरडला. "ओळखलं त्याने, बाई! आता पहिली कडी उघडून काहीही वाजवून बघा."

बाईंनी शोधलं नाही; हात आपोआप त्याच फाईलवर गेला. स्पीकर चालू होता.

'दार लाव, वारा येतोय.'

बाई उठल्या, दार लावून परत येऊन बसल्या.

"बाई, ते रेकॉर्डिंग होतं," तो माणूस हळूच म्हणाला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या.

घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सगळं सांगितलं, जेवणाच्या सुट्ट्यांसकट. त्याने पेपर बाजूला ठेवला. मग म्हणाला, "मला ऐकव."

डॉक्टरांना विचारून त्यांनी त्याला खोलीत आणलं. हेडफोन लावून तो मान खाली घालून ऐकत राहिला. संपल्यावर अंगठा गळ्यावर गेला.

"बरा माणूस होता."

"होता काय? तुम्हीच ना ते!"

त्याने नकारार्थी मान हलवली. हेडफोन टेबलावर उपडे ठेवले. "रोज नको उठवूस त्याला."

बाईंनी शब्द दिला आणि पाळला. साखळी नव्या सर्व्हरवर वाढते आहे. कुणाची मुलगी येते, कुणाचा भाऊ येतो, जुना आवाज ऐकून रडून जातात. पण बाईंना ऐकू येणारा तो आवाज काही थांबला नाही. पूर्वी तो ठरलेली वाक्यंच बोलायचा. आता जिन्यात, बाजारात, तो अशा गोष्टी बोलतो ज्या नवऱ्याने कधी रेकॉर्ड केल्याच नव्हत्या. कधी बाईंच्या माहेरच्या नावाने हाक मारतो. बाई वळत नाहीत. शेजारून चालणाऱ्या नवऱ्याचा हात तेवढा घट्ट धरतात.