फुंकर कधी ‘छान’ लिहीत नसे

दात गेले आणि त्यांच्यामागोमाग क्लॅरिनेटही गेलं. कवळी बसवून माणूस जेवू शकतो, भांडू शकतो, पण ओठ आवळून क्लॅरिनेटमध्ये फुंकू शकत नाही. नाट्यगृहाच्या वाद्यवृंदात उभी हयात घालवलेल्या त्या वादकाने पेटी कपाटावर ठेवली आणि तो खिडकीशी बसून राहिला. त्याची बायको आधीच गेली होती. स्वतःचा नवरा गेल्यावर त्याच्याकडे राहायला आलेल्या थोरल्या बहिणीने, ताईने, ते चार दिवस पाहिलं.

“आता दिवसभर माझ्या मानगुटीवर बसणार का तू?” असं म्हणत तिने आपल्या मुलाचा जुना संगणक त्याच्या टेबलावर आणून आदळला.

त्या संगणकावर त्याला इंटरनेटवरची एक जागा सापडली. हौशी लोक तिथे स्वतः रचलेलं वाद्यसंगीत टाकत. कोणी औषधाच्या दुकानात काम करणारं, कोणी विजेचे मीटर तपासणारं. घरी येऊन संगणकातल्या बासऱ्या आणि व्हायोलिनं जुळवायची, रचना तिथे टाकायची आणि कोणीतरी ऐकेल म्हणून डोळ्यांत प्राण आणून वाट पाहायची. खाली लोक लिहीत : ‘छान’. ‘मस्त’. नाहीतर नुसता अंगठा. ज्याने ‘छान’ लिहिलं त्याच्याही रचनेखाली मग ‘छान’ येऊन पडे. अहो रूपम्, अहो ध्वनिः!

त्याने तिथे ‘फुंकर’ हे नाव घेतलं. दिवसाला एकच रचना ऐकायची. आधी हात मांडीवर ठेवून, मग हातात पेन्सिल घेऊन, आणि शेवटी आपलं लक्ष कुठे भरकटतं ते पाहत. मग लिहायचं. आपल्याला काय ऐकू आलं ते आधी, वाट कुठे चुकली ते नंतर, आणि शेवटी एक प्रश्न. उत्तर मात्र कधी द्यायचं नाही; ते ज्याचं त्याने शोधायचं.

एका बासरीच्या रचनेखाली त्याने लिहिलं होतं, “सूर फार गोड धरलात, पण वाजवणारा श्वास कुठे घेणार? संगणकाला फुप्फुसं नसतात, माणसाला असतात. श्वासाला जागा ठेवा. ऐकणाराही तिथेच श्वास घेतो.” ही वाक्यं त्या जागेवर इतकी गाजली, की लोक त्याला ‘श्वासवाले काका’ म्हणू लागले.

पण ‘छान’ त्याने कधीच लिहिलं नाही.

“लष्कराच्या भाकऱ्या भाजतोयस,” ताई म्हणायची. “त्या लोकांना ‘छान’ हवं असतं रे. दे की! तुझ्या बापाचं काय जातं?”

“माझा बाप तोच तुझा,” तो म्हणायचा आणि रचना पुन्हा लावायचा.

‘छान’शी त्याचं वैर का, हे ताईला माहीत नव्हतं असं नाही. त्याची बायको त्याच वाद्यवृंदात दुसरं व्हायोलिन वाजवायची. दुसरं व्हायोलिन म्हणजे पहिल्याला आधार देणारं, लोकांच्या कानात न भरणारं. उतरत्या वयात तिची बोटं आखडायला लागली. एका संध्याकाळी घरी आल्यावर कोट काढता काढता तिने विचारलं, “आज कसं वाजलं रे माझं?” दिवसभर त्याने तिचा सूर खाली घसरताना ऐकला होता. तो म्हणाला, “छान.” ती इतकी खूश झाली, की कोट खुंटीला लावताना गुणगुणत होती. दुसऱ्या दिवशी वाद्यवृंदाच्या संचालकांनी त्याला बाजूला घेतलं. “तुमच्या सौभाग्यवतींबद्दल विचारणं अवघड आहे, पण तुमच्या कानावर माझा भरवसा आहे. कसं वाजवतात हल्ली?” तो खरं बोलला. महिना उलटायच्या आत तिची खुर्ची दुसऱ्या कोणाला मिळाली. संचालकांनी तिला निरोप देताना वर ऐकवलं, “तुमच्या यजमानांनाही पटलंय.”

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गप्प झाली. मीठ दे, दार लाव, एवढ्यापुरतं बोलणं उरलं. पुढे अंथरुणाला खिळली तेव्हा तर तेवढंही नाही.

म्हणून हा परक्या लोकांशी इतकं जपून आणि इतकं खरं बोलत असे. जे एका दिवशी खोटं आणि दुसऱ्या दिवशी नको तिथे खरं बोलून बसला होता, ते आता जिथल्या तिथे, ज्याचं त्याला, नीट सांगत होता. उशिरा का होईना.

त्या लोकांत एक मुलगी होती. दवाखान्यात नावं पुकारण्याचं काम करायची आणि स्वतःला ‘गोगलगाय’ म्हणवायची. तिची पहिली रचना म्हणजे नुसता गोंधळ होता. फुंकरने तिच्या प्रत्येक रचनेवर पानं भरभरून लिहिलं. ती दुरुस्त करायची, पुन्हा टाकायची, हा पुन्हा ऐकायचा. हळूहळू ती चांगली रचायला लागली, आणि इतरांना अभिप्रायही द्यायला लागली. लोक म्हणू लागले, गोगलगाय तर श्वासवाल्या काकांची वारस. त्याला ते आवडलं. ताईला त्याने ते दोनदा वाचून दाखवलं.

“गोगलगाय आणि पोटात पाय,” ताई म्हणाली.

“तुला कोणाचं बरं बघवतच नाही.”

बायको गेल्यापासून तो एक रचना करत होता. दोन व्हायोलिनांची. तीत दुसरं व्हायोलिन पुढे होतं आणि पहिलं त्याला आधार देत होतं. तिने ती हयातभर मागितली होती. त्याने ‘बघू’ म्हणत दिवस काढले होते. आता रचना पूर्ण झाली, पण शेवटाशी काहीतरी अडत होतं, आणि काय ते त्याला सापडत नव्हतं. लोकांचं त्याला ऐकू यायचं, स्वतःचं येत नव्हतं. एका तरी माणसाने ती तशी ऐकावी, जशी तो इतरांची ऐकत आला होता, एवढंच त्याला हवं होतं. ‘फुंकर’ म्हणून टाकली असती तर लोकांनी हार घातले असते. त्याला हार नको होते, कान हवा होता. म्हणून त्याने ‘नवखा’ हे दुसरं नाव घेतलं आणि रचना टाकली.

टाकण्याआधी एकदा मोठ्याने लावून पाहिली. पलीकडच्या खोलीत ताई इस्त्री करत होती.

“हे तिचं का रे?” तिने तिथूनच विचारलं.

“कोणाचं?”

“सोंग नको. सुरुवातीला ती रुसलीय, ते बरोबर आहे. पण शेवटी एवढी गोड कशी झाली? जाताना तर तुझ्याशी बोलत नव्हती.”

“तुला संगीतातलं काय कळतं?”

“संगीतातलं नाही कळत,” ताई म्हणाली. “तुमच्या घरातलं कळतं.”

त्याने उठून दार लोटलं.

खाली एक ‘छान’ आलं. मग एक अंगठा. मग काहीच नाही. संगणकाकडे पाहणार नाही असं ठरवून तो भाजी आणायला जाई आणि पिशवी हातात तशीच धरून टेबलाशी बसे. मग एका सकाळी भलामोठा अभिप्राय आलेला दिसला. गोगलगायचा. त्याने चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली.

“मी हात मांडीवर ठेवून ऐकलं,” तिने लिहिलं होतं. “सूर फार गोड धरलात, पण वाजवणारा श्वास कुठे घेणार? संगणकाला फुप्फुसं नसतात, माणसाला असतात. श्वासाला जागा ठेवा. ऐकणाराही तिथेच श्वास घेतो.” आणि शेवटी एक प्रश्न : “बासरीला थोडी विश्रांती दिलीत तर?”

त्याने ते पुन्हा वाचलं. रचनेत बासरी नव्हती. फुंकून वाजवायचं एकही वाद्य नव्हतं. दोन व्हायोलिनं होती, गजावर चालणारी.

तिने बाकीच्यांना काय लिहिलंय ते त्याने शोधून काढलं. पियानोखाली श्वास. ढोलाखालीसुद्धा श्वास. प्रत्येकाने खाली तिचे आभार मानले होते.

“आलं का कोणाचं काही?” ताईने चहाचा कप ठेवत विचारलं.

“आलं.”

“काय म्हणतात?”

“श्वास घ्यायला जागा ठेवा म्हणतात.”

“व्हायोलिनला?” ताई हसायला लागली आणि त्याचा चेहरा पाहून थांबली. मग जरा खालच्या आवाजात म्हणाली, “शेवट बदललास का रे?”

“काढून टाकलं सगळंच.”

“का? सुरुवात तर खरी होती.”

त्याने कप पुढे ओढला. ताई रिकामा ट्रे घेऊन आत गेली.

त्याच दुपारी गोगलगायने नवी रचना टाकली. वर लिहिलं होतं, “काका, सगळ्यात आधी तुम्हीच ऐका. तुमची वाट पाहतेय.” फुंकरने हात मांडीवर ठेवले नाहीत, पेन्सिल घेतली नाही. त्याने लिहिलं, “छान.”

तिचं उत्तर तत्काळ आलं. “काका!! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुमच्याकडून ‘छान’! तुम्हाला कल्पना नाही, आज मी किती खूश आहे!”

ते वाचून त्याचा हात स्पीकर बंद करायला गेला. तेव्हा त्याच्या लक्षात आलं, तो सुरूच केलेला नव्हता.