मौनावरचं व्याख्यान

पोह्यांवर ओलं खोबरं पेरल्याचा वास आला की मला मुलुंडमधली ती बाहेरची खोली आठवते. मी मुलगी बघायला गेलो होतो. आधीची स्थळं माझ्या बडबडीने हातची गेली होती, म्हणून आत्याने जिन्यातच बजावलं होतं, “तिथे कविता काढू नकोस रे!” मुलीने पोहे आणून ठेवले. तिच्या वडिलांनी सहज विचारलं, “सध्या काय वाचताय?” झालं, मी सुटलो. जर्मन तत्त्वज्ञांनी निसर्गात आत्मा कसा पाहिला आणि रशियन कवींनी तो आपल्या रात्रींत, ताऱ्यांत कसा आणला, हे मी रंगून सांगत होतो. पोहे गार झाले. आत्या आपल्या पायाने माझा पाय दाबत होती. “थोडक्यात काय,” मी म्हणालो, “खोल भावना शब्दांत मावत नाही. माणसाने गप्प राहावं, हे ते कवी शिकले.” “मग तुम्ही का नाही शिकलात?” मुलीने विचारलं. आत्याने डोळेच मिटले. मी ओशाळून बशी उचलली आणि गार पोहे मुकाट्याने संपवले. दुसऱ्या दिवशी मुलीचा होकार आला. त्या पोह्यांबद्दल बायकोची माफी मागायची अजून राहिली आहे, कारण आजही मी तोंड उघडलं की ती बशी पुढे सरकवते, “आधी खा.”